निवतीच्या मच्छीमाराघरी तीन रात्री: खोली, जेवण आणि न सुटलेली होडी

निवतीला राहायचं ठरवलंत तर फोनवर आधी एक गोष्ट विचारून घ्या: गाडी लावायच्या जागेपासून घरापर्यंत पायऱ्या किती? आम्ही विचारलं नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, सोळा वर्षांची लेक आणि आम्ही दोघं संध्याकाळी सातच्या सुमारास पोचलो. गाडी वर रस्त्याच्या कडेला लावून जांभ्याच्या छत्तीस पायऱ्या उतरायच्या होत्या. कठडा नव्हता, आणि दिवा एकच, तोही खाली ओट्यावर. घरातला थोरला मुलगा बॅटरी घेऊन धावत वर आला, सासूबाईंचा हात धरून म्हणाला, "आजी, सावकाश. एकेक पायरी." त्याने त्यांना अगदी जपून उतरवलं, पण म्हणून तक्रार मागे घेत नाही. पाहुणे ठेवायचे तर कठडा आणि मध्यावर एक दिवा हवाच. निघताना घर सांभाळणाऱ्या वहिनींना तसं स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं.

पत्ता आणि नाव इथे देत नाही. दोन खोल्यांचं घर आहे, सुट्टीच्या दिवसांत एकदम शंभर फोन आले तर त्यांनाच त्रास. गावात उतरून विचारलंत तर राहायची सोय करणारी अशी घरं सापडतात.

आता निवती कुठे ते. सिंधुदुर्ग जिल्हा, वेंगुर्ला तालुका. उत्तरेला भोगव्याचा किनारा, त्याच्या टोकाला कर्ली नदीचं मुख आणि पलीकडे मालवण तालुक्यातलं देवबाग. आम्ही कराडहून कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ असं गेलो. जेवणाचा थांबा धरून साडेआठ तास लागले. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन सोयीचं. चिपीचा विमानतळ तर अगदी जवळ आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. एवढं असूनही परुळ्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी माड आणि काजू अंगावर येतात, आणि फोनची रेंज जाते ती जातेच. रोख पैसे कुडाळातच काढून घ्या. औषधंही.

घर साधं आहे. कौलारू छप्पर, कोब्याची जमीन, दोन लोखंडी खाटा, गाद्या जरा पातळ. संडास-बाथरूम खोलीला लागून आणि लख्ख. गरम पाणी चुलीवरच्या हंड्यातून बादलीने आणून देतात, सांगाल त्या वेळेला. माणशी दिवसाला अकराशे रुपये, त्यात दोन्ही वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि मागाल तितका चहा. एसी नाही, टीव्ही नाही. जानेवारीत पंखाही लागला नाही. डास आहेत, मच्छरदाणी देतात, ती लावून घ्या. अंगणात मासळी सुकत घातलेली असते, तिचा वास पहिल्या रात्री माझ्या नवऱ्याला सहन झाला नाही. त्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी चटया परसदारी हलवल्या. ज्यांना हा वास अजिबात चालत नाही त्यांनी मात्र मच्छीमाराच्या घरी राहू नये असंच मी सांगेन.

जेवणाबद्दल बरंच लिहायचंय.

आमच्याकडे मासे म्हणजे कृष्णा-कोयनेचे. मरळ, शिंगटा, वाम. समुद्राचा मासा म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर सुरमई आणि पापलेटच येतं, म्हणून खोली सांगतानाच मी विचारलं होतं, सुरमई मिळेल ना? वहिनी म्हणाल्या, "गावली तर मिळतली." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण तसंच होतं. तीन दिवसांत सुरमई एकदाही ताटात आली नाही, आणि कुठून तरी बर्फातली आणून त्यांनी ती वाढलीही नाही. पहिल्या रात्री बांगडे आणि लेपे होते, तिसऱ्या दिवशी कालवं आणि मुडदुशे. रोज सकाळी काय आलं ते बघायचं, मग मसाला ठरवायचा, असा त्या स्वयंपाकघराचा क्रम आहे. मला विचाराल तर तिथे जाण्याचं पहिलं कारण हेच.

बांगड्याचं तिखलं मी शेजारी बसून शिकून घेतलं. वहिनी आडाळ्यावर बसून, म्हणजे आपल्या विळीवर, बांगड्याचे कल्ले काढतात, पोट साफ करतात, अंगावर तिरक्या चिरा देतात आणि मीठ लावून ठेवतात. लाल मिरची, धणे, हळद आणि अगदी थोडं खोबरं वाटून घेतलं. वाटप पातळ करायचं नाही, ते माशाच्या अंगाला धरलं पाहिजे. टोपात वाटप, कोकमाची सोलं आणि जेमतेम पाणी, उकळी आली की बांगडे. मग त्यांनी एका वाटीतून सातआठ तिरफळं घेतली. काळ्या बिया आधीच काढलेल्या होत्या, नुसती टरफलं. ती किंचित ठेचून वरून टाकली. बांगडा, तारली असल्या तेलकट माशाला तिरफळ लागतंच, त्याशिवाय उग्रपणा मोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी ढवळायला चमचा घेतला तर त्यांनी हात धरला. चमचा घालायचाच नाही, मासा मोडतो. फडक्याने टोपाचे दोन्ही कान धरून त्यांनी टोप नुसता गोल फिरवला. झालं. तिरफळ चावायचं नसतं, जिभेला मुंग्या येतात, हे लेकीला जेवताना कळलं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. नाश्त्याला घावणे आणि नारळाचा रस, एकदा आंबोळ्या. तिखटाचं प्रमाण आम्हा घाटावरच्यांना नेमकं जमलं. लहान मुलं असतील तर आधी सांगा, तिखट कमी करून देतात.

दुसरा दिवस संकष्टीचा होता. सासूबाई चाळीस वर्षं संकष्टी धरतात. मी सांगायला विसरले होते, आणि मच्छीमाराच्या घरात उपासाचं कसं मागायचं याचा संकोचही होता. पण वहिनींनीच आदल्या रात्री विचारलं, "आजी, उद्या चतुर्थी. तुमचो उपास असतलो ना?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं सगळं वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या चुलीवर. उकडलेली रताळी, ओल्या खोबऱ्यासोबत वरीचे तांदूळ, शहाळं. रात्री नऊनंतर चंद्र उगवला तेव्हा अंगणात पाट मांडून, उकडीचे पाच मोदक करून दिले. वेगळे पैसे लावले नाहीत. सासूबाईंनी वहिनींच्या हातावर बळेच शंभराची नोट ठेवली, तर त्यांनी ती देवापुढे ठेवली.

या घरात चतुर्थी लक्षात राहते ती समुद्रामुळे. घरातले आजोबा ऐंशीच्या आसपासचे, आता होडीवर जात नाहीत, ओट्यावर बसून जाळी विणतात, फाटलेली सांधतात. त्यांनी सासूबाईंना भरतीचं गणित सांगितलं. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनच्या पुढे पुन्हा. पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वेळ ढोबळ असते, गावागावात थोडा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची ती उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपासची ती भांगाची, त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. सासूबाईंच्या तोंडावर सगळ्या तिथ्या आहेत, उपासतापासामुळे. त्या तिथी सांगायच्या आणि आजोबा वेळ. अर्धी दुपार दोघांची अशी गेली. तीन वाजता पाणी घराखालच्या खडकाला टेकलं तेव्हा सासूबाईंनी मला हाक मारून दाखवलं.

त्याच दिवशी सकाळी रापण होती. साडेसहाला मुलाने दार वाजवलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं, अख्ख्या गटाचं काम. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धगोलात जाळं सोडत जाते आणि बऱ्याच अंतरावर दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं धरतात आणि ओढायला लागतात. वरच्या दोरीला तरंगणारी बोंडं, खालच्या दोरीला शिशाची वजनं, म्हणून जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. ओढता ओढता दोन्ही बाजूची माणसं एकमेकांकडे सरकत येतात. लेकीने विचारलं, मी धरू का, तर एका बाईंनी तिला मागे, दोर गुंडाळणाऱ्यांजवळ उभं केलं. दोर ओला, वाळूने खरखरीत, पाऊण तासात तिचे तळवे लाल झाले. ती सोडायला तयार नव्हती.

जाळ्याचा पिशवीसारखा मधला भाग वाळूवर आला तेव्हा मी अगदी जवळ होते. आधी फक्त चकाकी दिसते. मग आवाज येतो, पत्र्यावर पाऊस पडावा तसा, हजारो शेपट्यांचा. बहुतेक पेडवे होते, मधूनमधून बांगडे, दोनचार कर्ल्या आणि जेलीफिशचा चिखल. कावळे आणि घारी डोक्यावर. बायका टोपल्या घेऊन बसल्या आणि हाताने निवडायला लागल्या, इतक्या भराभर की नजर पुरत नव्हती. विक्री तिथेच झाली, आणि जे ओढायला होते त्यांना वाटे मिळाले. माझ्या लेकीलाही मिळाला. पाच बांगडे आणि ओंजळभर पेडवे, एका फाटक्या पिशवीत. तिने दोर धरला होता म्हणून. आयुष्यातली पहिली कमाई म्हणून तिने ते घरापर्यंत स्वतःच वाहून आणले, आणि सासूबाई सोडून आम्ही सगळ्यांनी दुपारी तेच खाल्ले.

माझ्या डोळ्यांना ती मासळी ढीगभर वाटत होती. आजोबांना ती कमी वाटली. पूर्वी रापणीला बांगडा आणि तारली यायची तेवढी आता येत नाही, असं ते म्हणाले. आवाज न चढवता, जाळ्यात सुई घालता घालता. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी अख्खा थवा बाहेरच वेढला जातो, किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून मासेमारी करायला बंदी केली. तरी रात्री दूरवर प्रकाश दिसतो, असं ते म्हणाले, आणि त्या रात्री मीही ओट्यावरून तो पाहिला. क्षितिजावर पांढरा उजेड, तो कसला ते मला ओळखता आलं नाही. आजोबांनी तिकडे पाहिलं आणि आत निघून गेले. मी परत आल्यावर बाजारात तारली पाहिली की मला ते आठवतं. सहलीला जाऊन मासे चवीने खाणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

किल्ल्याचं थोडक्यात. निवतीचा किल्ला गावालगतच्या टेकडीवर, शिवकाळातला मानला जातो. पुढे तो सावंतवाडीच्या सावंतांकडे गेला आणि १८१९ साली इंग्रजांनी घेतला. आज जांभ्याची ढासळलेली तटबंदी, खंदक आणि रान एवढंच आहे. चढ अवघड नाही, पण बूट घाला. सूर्यास्ताच्या तासभर आधी जा. एका बाजूला भोगव्याची लांबलचक वाळू, दुसऱ्या बाजूला निवतीच्या होड्या, आणि समोर समुद्रात काळे खडक व त्यावरचं दीपगृह. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात. त्या घरट्यांसाठी पूर्वी चोरटा व्यापार चालायचा, आता पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. घरच्या मुलाने आधीच सांगितलं, तिथे मी कोणाला उतरवत नाही, पैसे दिले तरी नाही. ऐकून बरं वाटलं.

आणि आता होडी. खोली सांगताना डॉल्फिन दाखवायची फेरीही ठरवली होती, पाचशे रुपये आगाऊ दिले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघायचं, कारण सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, तेव्हा समुद्र सपाट राहतो. अकरानंतर खारा वारा सुरू झाला की होडी उडायला लागते. लेक साडेपाचपासून तयार होती. आम्ही खाली गेलो तर मुलगा होडीपाशी नुसता उभा. दहा मिनिटं काही बोललाच नाही. लांबच्या खडकांवर पांढरा फेस उडत होता, तिकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, आज होडी जावची नाय. वारो बरो नाय." मी म्हटलं, मला तर पाणी शांत दिसतंय. तो म्हणाला, इथे खाडीसारखं आडोशाला आहे, नाक, म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, वळलं की कळेल. माझ्या नवऱ्याने थोडे जास्त पैसे देऊ केले. त्याने मान हलवली, घरात गेला आणि पाचशेची नोट आणून माझ्या हातात ठेवली.

लेक रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, इतक्या लांबून आलो होतो. साडेसातच्या सुमारास दुसरीकडून आलेली एक होडी पर्यटकांना घेऊन नाकाच्या पलीकडे गेली. अर्ध्या तासात परत आली. सगळे भिजलेले, एक लहान मूल उलट्या करत होतं, लाइफ जॅकेट दोघांच्याच अंगावर. तो मुलगा काही म्हणाला नाही, पुढे होऊन त्यांची होडी ओढून घ्यायला मदत केली. आमच्या होडीत चारही जणांसाठी जॅकेटं काढून ठेवलेली होती, ती त्याने परत पडवीत टांगली. मी आजवर बऱ्याच ठिकाणी पर्यटनाच्या होडीत बसले आहे. आगाऊ घेतलेले पैसे न मागता परत देणारा मला हा पहिला माणूस भेटला.

त्या सकाळी मग वहिनी लेकीला कालवं काढायला घेऊन गेल्या. पंचमी, म्हणजे साडेनऊच्या सुमाराला पाणी पूर्ण उतरलेलं. खडकाला चिकटलेलं कालव कोयतीच्या टोकाने नेमक्या जागी टोचून उघडायचं, आतला मऊ गर वाटीत. तासाभरात वहिनींची वाटी भरली, लेकीची तळाला. कालवांच्या धारेने तिचं बोट कापलं, वहिनींनी समुद्राच्या पाण्याने धुऊन हळद दाबली. पायात जाड तळाच्या चपला असल्याशिवाय या खडकांवर जाऊ नका.

कमी काय? पायऱ्यांचं सांगितलंच. वाडीच्या टोकाला किनाऱ्यावर प्लास्टिक साचलेलं आहे, त्यातलं पुष्कळसं समुद्रच आणून टाकतो, पण चिप्सची पाकिटं आपल्यासारख्यांचीच. पावसाळ्यात मासे खायला म्हणून जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात, आणि हे घरही तेव्हा पाहुणे घेत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. भोगव्याला पोहायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर ऐका.

गेल्या आठवड्यात वहिनींना फोन केला. पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून झाला आहे, दिव्याची वायर ओढायची राहिली आहे. नोव्हेंबरात चार दिवस सांगून ठेवले आहेत. तारखा सासूबाईंनी काढल्या, कॅलेंडर मांडीवर घेऊन, एकादशी आणि संकष्टी दोन्ही टाळून. म्हणाल्या, मागच्या वेळी रापणीचे बांगडे माझे राहिले.